बूमरँगच्या हत्यारांची यादी

सकाळी ६.३०

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कालपासून एकच प्रश्न फिरतोय: ‘ताई, घरी हत्यारं कुठली लागतील?’ शाळेत मी कार्यानुभव शिकवते. यंदाच्या उन्हाळी शिबिरात सहावी ते आठवीची मुलं लाकडी बूमरँग करणार आहेत. सुरुवात शिबिरात, उरलेलं काम घरी. एका बाबांकडे ड्रिल मशीन आहे, एका आजोबांकडे रंधा आहे, आणि एका आईने ऑनलाइन कुठलीशी भरगच्च पेटी बघून ठेवली आहे. आज रात्रीपर्यंत यादी देते असं कबूल करून बसले आहे. नियम एकच ठेवलाय: जे आज, प्लायवूडवर, स्वतः चालवून पाहिलेलं नाही ते यादीत जाणार नाही.

हत्यारांच्या आधी आकार ठरायला हवा. त्याला लागतो बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, पेन्सिल, पट्टी आणि कात्री. दोन पाती, त्यांच्यातला कोन १०० ते ११० अंश. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण ४० सेंटिमीटर, पात्याची रुंदी ५ सेंटिमीटर, कोपराशी किंचित जास्त. हे आकडे एखाद-दोन सेंटिमीटर इकडचे तिकडे झाले तरी बूमरँग रुसत नाही. कडा मात्र रुसतात, म्हणून पुठ्ठ्यावर आत्ताच बाण काढून ठेवते.

कोपर वर, दोन्ही टोकं खाली, आणि गोलाई द्यायची ती बाजू आपल्याकडे. असं धरलं तर उजव्या हाताने फेकायचं बूमरँग घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. म्हणजे उजव्या पात्याची बाहेरची कड हवेत आधी घुसते आणि डाव्या पात्याची आतली. आधी घुसणारी कड जाड, गोलसर ठेवायची. तिच्या मागची कड लांब उताराने पातळ करत न्यायची. खालची बाजू जवळजवळ सपाट. डावखुऱ्यांसाठी हे सगळं आरशात पाहिल्यासारखं उलटं. उजव्यांचं बूमरँग डावखुऱ्या मुलाच्या हातात दिलं तर ते परत येत नाही आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

म्हणून यादीतली पहिली ओळ हत्याराची नाही: ‘मूल उजवं आहे की डावखुरं, ते कळवा.’

सकाळी ८.००

बाजारात जायच्या आधी घरातलं काय चालतं ते बघते. माळ्यावर आजेसासऱ्यांची पेटी आहे: वाकस, दोन पटाश्या, रंधा, मोगर, काटकोन्या. सगळी सागवानावर वाढलेली हत्यारं. पटाशीला अजून अशी धार आहे की नखावर टेकवली तर घसरत नाही.

प्लायच्या तुकड्यावर रंधा मारते. पहिली दोन ओढणं सुंदर, लांब ढलपी निघते. मग वरचा थर संपतो, खालचा सुरू होतो आणि रंधा अडखळतो. प्लायमध्ये प्रत्येक थराची रेषा खालच्या थराच्या रेषेला काटकोनात असते. तीच त्याची ताकद. पण उतार कापताना एकाच वेळी तीन-चार थर उघडे पडतात. एका थराच्या बाजूने जाणारं पातं दुसऱ्या थराला आडवं जातं आणि त्याची चिपळी उचकटतं. पटाशीचंही तेच. ज्या आजोबांनी रंधा विचारलाय त्यांना नाही म्हणायला जिवावर येतं, पण म्हणावं लागेल. धारेने कापणारी हत्यारं या कामाला नकोत, दातांनी खरवडणारी हवीत. दाताला थराच्या दिशेशी देणंघेणं नसतं.

ड्रिल मशीनचा प्रश्न तर इथेच सुटतो. बूमरँगमध्ये भोक कुठेच नाही.

लोखंड कापायची हॅक्सॉ बहुतेक घरांत असते. तिने सरळ काप उत्तम येतो, पण पातं रुंद, त्यामुळे वळणावर ते आवळतं. कोपराच्या आतल्या बाजूला तर ती अडूनच बसते. वळणदार काप ज्याने जमेल तीच करवत घ्यायची.

सकाळी १०.३०

भवानी पेठेतलं टिंबर मार्केट. आता गर्दी आहे ती फर्निचरवाल्यांची. आठ बाय चारच्या शीटा टेम्पोत चढतायत. मला हवे आहेत उरलेले तुकडे, ६ मिलिमीटर जाडीचे.

‘कमर्शियल देऊ का मरीन?’ दुकानदार विचारतो.

कमर्शियल म्हणजे साधा, ओल फार न सोसणारा प्लाय. मरीन म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा, भारतीय मानक ७१० चा. फरक सरसाचा आहे. साध्या प्लायमध्ये युरिया-फॉर्माल्डिहाइडचा फिकट सरस असतो, मरीनमध्ये फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा गडद तपकिरी. बूमरँग गवतातल्या दवावर पडणार, क्वचित चिखलात रुतणार, तेव्हा मरीन बरा. शिवाय त्या गडद सरसाच्या रेघांचा दुपारी मला उपयोग होणार आहे. तोटा एवढाच की तो सरस कडक असतो आणि कानशीचे दात लवकर बोथट करतो.

तुकडा निवडताना कड बघायची. थर एकसारखे आहेत का, मध्ये काळी फट दिसते का. पोटात पोकळी असलेला प्लाय कपाटाच्या पाठीला खपून जातो. बूमरँगमध्ये नेमकं तिथेच पातं तुटतं. दोन्ही हातांनी किंचित वाकवून सोडला की तो ताडकन सरळ झाला पाहिजे. बाहेरच्या देशांत बूमरँग करणारे बर्चचा प्लाय वापरतात, कारण त्यात थर जास्त आणि पोकळ्या नाहीत. इथे बर्च मिळतो, पण शोधावा लागतो. शिबिरासाठी गर्जनचा मरीन पुरेसा.

कट्ट्यावर एक म्हातारे मिस्त्री चहा पीत बसलेत. पुठ्ठ्याचा आकार हातात घेऊन उलटापालटा करतात.

‘हे प्लायमधून कशाला कापता, मॅडम? वाकडं लाकूडच घ्यायचं. आम्ही नांगराला बाभळीची अशीच वाकडी फांदी हेरायचो. रेषा वळणाबरोबर वळलेली असते, मोडायचं नाव नाही.’

मिस्त्री ऑस्ट्रेलियाला कधी गेलेले नाहीत, पण बोलतायत ते तिथल्या मूळ रहिवाशांचंच तंत्र. मध्य ऑस्ट्रेलियात मुल्गा नावाचं झाड आहे, बाभळीच्या गोतातलं. खोड आणि मूळ जिथे वळतं तो नैसर्गिक कोपर हेरून तिथूनच बूमरँग काढायचं ही तिथली जुनी रीत. हत्यारं म्हणजे दगडी कुऱ्हाड आणि दांड्याच्या टोकाला डिंकासारख्या राळेने बसवलेली दगडी चकती, जिने वाकससारखं तासत जायचं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या वायरी स्वॅम्प नावाच्या दलदलीत १९७० च्या दशकात लाकडी बूमरँगं सापडली, सुमारे १०,००० वर्षांपूर्वीची. ती ज्या शी-ओक झाडाची आहेत ते कोकणच्या किनाऱ्यावर दिसणाऱ्या सुरूच्या कुळातलं.

‘पण मिस्त्री, हे फेकून परत यायला हवं,’ मी म्हणते.

‘मग शिकारीला काय उपयोग?’

बरोबर विचारलं. ऑस्ट्रेलियातली बहुतेक बूमरँगं परत येणारी नव्हतीच. ती जड, सरळ जाणारी, शिकारीची आणि लढाईची हत्यारं होती. एकमेकांवर आपटून ताल धरायलाही वापरायची. आपल्याकडे तमिळनाडूची वळरी आणि गुजरातेतल्या कोळ्यांची कटारिया ही त्याच जातीची. त्यांना लागतं वजन आणि नेम. तसं हत्यार करायचं असतं तर आजेसासऱ्यांच्या वाकसने काम भागलं असतं. परत येणाऱ्याला वजन कमी आणि पात्याची गोलाई अचूक लागते. हत्यारं बदलतात ती इथे.

वाकडी फांदी शोधून, वाळवून, चिरून घ्यायला वर्ष जाईल. शिबिर सोमवारपासून आहे. प्लायचे तुकडे रिक्षात टाकते.

दुपारी १२.००

रविवार पेठेतली बोहरी आळी. दुकानाच्या दारापासून छतापर्यंत हत्यारं टांगलेली आणि काउंटरवर दहा माणसं एकाच वेळी मागणी करतायत. काय बनवणार हे सांगितलं की दुकानदार आधी सगळ्यात मोठं यंत्र काढतात.

‘ग्राइंडर घ्या मॅडम, चार इंची. ही फ्लॅप डिस्क लावली की पाच मिनिटांत तुमचं काम खलास.’

खोटं नाही बोलत. ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत बूमरँग विकण्यासाठी करणारे लोक बेल्ट सँडर वापरतात, काही फ्लॅप डिस्कही. पण ती डिस्क मिनिटाला ११,००० च्या आसपास फेरे घेते. ६ मिलिमीटरच्या लाकडातून १ मिलिमीटर जास्त निघायला तिला क्षणही लागत नाही, आणि निघालेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. बारा वर्षांच्या मुलाच्या हातात तर ती द्यायचीच नाही. ग्राइंडर फुली.

‘मग जिगसॉ?’

जिगसॉ शाळेत आहे, ती आजच्यापुरती घरी आणली आहे. मी तिच्यासाठी फक्त लाकडाची बारीक दातांची पाती घेते. जाड दातांचं पातं प्लायचा वरचा थर ओरबाडतं.

‘आणि मुलांसाठी हाताची करवत दाखवा, वळणाची.’

ते कोपिंग सॉ काढतात. धनुष्यासारख्या चौकटीत ताणलेलं अरुंद पातं. चौकट तशीच धरून पात्याची दिशा फिरवता येते, त्यामुळे वळण घेता येतं. फ्रेटवर्कची करवत याहून नाजूक, तिची पाती सहा मिलिमीटरच्या प्लायला पटापट तुटतात. कोपिंग सॉ आणि पात्यांचं एक पाकीट, ठरलं. पातं बसवताना दात मुठीकडे ठेवायचे, म्हणजे ओढताना कापतं आणि पातं ताठ राहतं.

आता खरी खरेदी: कानशी.

‘कसली देऊ? लोखंडाची का लाकडाची?’

लाकडाची म्हणजे रास्प. तिला एकेक दात उठवलेला असतो आणि ती भराभर लाकूड काढते. लोखंडाची म्हणजे आडव्या रेघांची कानस. ती कमी काढते, गुळगुळीत काढते. दोन्ही हव्यात. दोन्ही अर्धगोल हव्यात, म्हणजे एक बाजू सपाट आणि एक फुगीर. कोपराच्या आतल्या वळणात सपाट कानस पोचतच नाही. तिच्या कडा वळणात खाचा पाडतात. फुगीर बाजू तिथे नीट बसते. एकाच कानशीत दोन आकार मिळतात, म्हणून सपाट वेगळी घ्यायला नको. लांबी आठ किंवा दहा इंच. बारा इंची मुलांना जड होते.

कानशीला मूठ नसते, हे दुकानदार आपणहून सांगत नाहीत. मागची टोकदार शेपटी जोर लावताना तळहातात घुसते. लाकडी मुठी वेगळ्या मागाव्या लागतात आणि त्या स्वस्त असतात. यादीत ‘मुठीसह’ हा शब्द ठळक लिहायचा.

शिवाय चार इंची सी-क्लॅम्प दोन. हे नसतील तर बाकी सगळं फुकट. मोकळ्या हाताने धरलेल्या लाकडावर कानस नाचते आणि बोटं सोलतात. पॉलिश पेपर ८०, १२० आणि २२० नंबर. कानशीचे दात साफ करायला तारेचा ब्रश. आणि एन-९५ मास्क, प्रत्येकी एक. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगाच्या निश्चित कारणांमध्ये धरलेली आहे, आणि प्लायच्या भुशात सरसही असतो. पालक मास्ककडे ‘ऐच्छिक’ म्हणून बघतात, म्हणून तो यादीत करवतीच्या वर लिहायचा.

दुपारी १.१५

सोसायटीत दोन ते चार आवाज बंद. आमरसाचं जेवण झालंय, सासूबाई आडव्या व्हायच्या बेतात आहेत.

‘अगं, ते घूंऽघूं करणारं आत्ताच उरकून घे,’ त्या आतून सांगतात.

बाल्कनीत स्टुलावर प्लाय क्लॅम्पने आवळते. आकार उतरवते, रेघेवर कागदी चिकटपट्टी लावते. जिगसॉचं पातं वर येताना कापतं, त्यामुळे चिपळ्या वरच्या बाजूला उडतात. पट्टीने त्या दबतात. रेघेच्या बाहेरून, रेघ शिल्लक ठेवून कापायचं. पाच-सात मिनिटांत पहिला आकार सुटतो. खालच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून वर बघतात, तेवढ्यात संपलेलं असतं.

दुसरा आकार कोपिंग सॉने. याला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, दंड भरून येतो, पण शेवटी कड जिगसॉपेक्षा स्वच्छ निघते. प्लाय क्लॅम्पच्या जवळच कापायचा आणि काप पुढे सरकेल तसा प्लाय सरकवत न्यायचा. लांब राहिलेला तुकडा थरथरतो आणि पातं तुटतं. मुलांना हे जमेल.

म्हणजे बाह्य आकारापुरतं यंत्र चालतं, आणि चांगलं चालतं. कारण उघड आहे: तिथे पुठ्ठ्यावरून उतरवलेली रेघ आहे. कुठे थांबायचं ते रेघ सांगते, हत्याराला विचार करायची गरज नाही.

दुपारी २.००

आता रेघ नसलेलं काम. स्वयंपाकघरातल्या ओट्याच्या कडेला जाड फळी आवळते, तिच्यावर बूमरँग, पात्याची कड फळीच्या बाहेर थोडी आलेली. एक क्लॅम्प कोपरावर, एक दुसऱ्या पात्यावर. क्लॅम्पखाली पुठ्ठा, नाहीतर लाकडावर वळ उठतात.

रास्पने आधी मागची कड. कडेपासून पात्याच्या रुंदीच्या दोन तृतीयांशापर्यंत लांब उतार, काठावर दीड-दोन मिलिमीटर जाडी उरेपर्यंत. कानस पुढे ढकलताना कापते. मागे आणताना उचलायची, घासत आणली तर दात मरतात. आवाज खर्रऽ खर्र असा, दार लावलं की बाहेर जात नाही. सासूबाईंची झोप मोडलेली नाही.

थोडं लाकूड निघालं की सरसाच्या गडद रेघा दिसू लागतात. याच्यासाठी सकाळी मरीन प्लाय घेतला. भूगोलाच्या पुस्तकात डोंगराचे चढ-उतार दाखवणाऱ्या समोच्च रेषा असतात, तशाच या. उतार सगळीकडे सारखा असेल तर रेघा कडेला समांतर, एकमेकींपासून सारख्या अंतरावर धावतात. जिथे रेघ आत वळली तिथे जास्त घासलं गेलं. जिथे बाहेर फुगली तिथे अजून काढायचं. मोजपट्टी लागत नाही, कॅलिपर लागत नाही. पालकांपैकी कोणी डिजिटल कॅलिपर विचारला तर नको म्हणायचं.

पुढच्या कडेला मात्र लांब उतार नाही. साधारण एक सेंटिमीटर रुंदीची तिरकी कड आणि मग ती गोल करायची. कोपराशी येईपर्यंत दोन्ही कडांची अदलाबदल होते, कारण एका पात्याची पुढची कड बाहेर आहे, दुसऱ्याची आत. तिथे फुगीर कानस घेऊन हलक्या हाताने एक उतार दुसऱ्यात मिसळायचा. ही जागा कुठल्याच यंत्राने नीट होत नाही.

ही गोलाई कशासाठी, हा प्रश्न मुलं विचारणारच. फेकताना बूमरँग जवळजवळ उभं असतं आणि गरगर फिरत पुढे जातं. वरचं पातं फिरतानाही पुढेच जात असतं, म्हणून त्याच्यावर हवा जोरात येते. खालचं पातं फिरताना मागे जात असतं, म्हणून कमी जोरात. वरच्या भागाला जास्त उचल मिळते. न फिरणारी वस्तू अशाने कलंडली असती. पण फिरणाऱ्या वस्तूवर कलंडवणाऱ्या जोराचा परिणाम पाव फेरी पुढे दिसतो, त्यामुळे ते कलंडत नाही, वळतं. आणि वळत वळत वर्तुळ पुरं करतं. नेदरलँड्सच्या फेलिक्स हेस यांनी १९७५ मध्ये ग्रोनिंगेन विद्यापीठात याच विषयावर मोठा प्रबंध लिहिला. प्रयोगात त्यांनी बूमरँगवर छोटे दिवे बसवून अंधारात त्यांच्या वाटांची छायाचित्रं घेतली होती. २००८ मध्ये जपानी अंतराळवीर ताकाओ दोई यांनी अवकाश स्थानकात कागदी बूमरँग फेकलं आणि ते परत आलं. म्हणजे परत येण्याला गुरुत्वाकर्षण लागत नाही. हवा, फिरकी आणि पात्याचा आकार, एवढ्यावर ते चालतं. त्यातला आकार कानशीच्या हातात असतो.

दुपारी ४.१५

चहा. मग रास्पचे ओरखडे साध्या कानशीने घालवते आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घेते. पेपर बोटांनी धरला तर बोटं जिथे दाबतात तिथे खड्डे पडतात. लाकडाच्या छोट्या ठोकळ्याभोवती गुंडाळला की पृष्ठ सपाट राहतं. आतल्या वळणासाठी जाड पेनाभोवती गुंडाळायचा. त्यावर १२० आणि शेवटी २२०. याहून बारीक नंबर रंगकामाला लागतो, उडण्याला नाही.

खालच्या बाजूला पुढच्या कडेला अगदी हलकी तिरकी फेरी, एवढंच. मुलांचा खालच्या बाजूवर फार हात चालतो. दोन्हीकडे सारखी गोलाई दिली की उचल जाते आणि काठी उरते.

डोळे मिटून दोन्ही पाती एकदम चिमटीत धरते, टोकाकडून कोपराकडे बोटं नेते. डोळ्याला न दिसलेला उंचवटा बोटांना कळतो. हे हत्यार यादीत लिहायची गरज नाही.

संध्याकाळी ६.१५

कॉलेजच्या मागचं मैदान, सुट्टीमुळे रिकामं. वॉचमनकाकांना विचारून आत आले आहे. चारी बाजूंना किमान पन्नास मीटर मोकळी जागा हवी, माणूस नको, गाडी नको, खिडकी नको. चिमूटभर धूळ सोडून वारा बघते: हलका, पश्चिमेचा. जोराचा असता तर बूमरँग पिशवीतच राहिलं असतं.

पिशवीत चारच गोष्टी: अर्धगोल कानस, ८० नंबरचा पेपर, रबर बँड, चिकटपट्टी. वार्निश अजून केलेलं नाही, कारण उडवून बघितल्याशिवाय पातं पुरं झालेलं नसतं.

वाऱ्याकडे तोंड, मग साधारण ४५ अंश उजवीकडे. सपाट बाजू बाहेर, गोल बाजू आपल्याकडे, बूमरँग जवळजवळ उभं, वरचं टोक किंचित उजवीकडे झुकलेलं. डोळ्यांच्या उंचीवर, मनगटाचा झटका देऊन. नवखा माणूस ते थाळीसारखं आडवं फेकतो. मग ते सरळ आकाशात चढतं आणि वेगाने खाली येतं. तेव्हा डोक्याची काळजी घ्यावी लागते.

जिगसॉने कापलेलं बूमरँग डावीकडे वळतं, पण वर्तुळ फार मोठं घेतं आणि बरंच अलीकडे पडतं. म्हणजे उचल कमी. तिथेच बाकावर क्लॅम्पऐवजी गुडघ्याखाली दाबून मागच्या कडा कानशीने आणखी पातळ करते. वर्तुळ आवळतं. कोपिंग सॉवालं पहिल्यापासून जवळ येतं, फक्त येताना जोरात फिरत राहतं. टोकांपाशी एकेक रबर बँड गुंडाळला की दम कमी होतो आणि ते अलगद उतरतं. दोन्ही तळव्यांमध्ये टाळीसारखं पकडता येतं.

कानस मैदानावर लागली. करवत लागली नाही, लागणारही नाही. इथे कामाची विभागणी स्पष्ट होते: ज्या कामात थांबायची जागा आधीच आखलेली आहे, तिथे यंत्र चालेल, उसनं हत्यार चालेल, दुसऱ्याचा हातही चालेल. ज्या कामात थांबायची जागा लाकूड आणि हवा मिळून ठरवतात, तिथे हळू चालणारं, हातातलं हत्यार हवं. घरी बूमरँग करणाऱ्याने पैसे खर्च करायचे ते या दुसऱ्या कामावर. बाजार मात्र पहिल्या कामाची यंत्रं पुढे करतो.

रात्री ८.३०

वार्निशचा पहिला हात देऊन दोन्ही बूमरँगं दोरीला टांगली आहेत. आता यादी.

मुलाचा हात, उजवा की डावा. एन-९५ मास्क. बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा. कोपिंग सॉ आणि पात्यांचं एक पाकीट. अर्धगोल रास्प, दहा इंची, मुठीसह. अर्धगोल कानस, आठ इंची, मुठीसह. चार इंची सी-क्लॅम्प दोन. पॉलिश पेपर ८०, १२०, २२०, आणि गुंडाळायला लाकडी ठोकळा. तारेचा ब्रश, हा इमारतीत एक पुरे. रबर बँड. प्लाय शाळा देईल.

फुली मारलेल्यांचीही यादी देते, कारण प्रश्न त्यांच्याबद्दलच येतील: ड्रिल, ग्राइंडर, रंधा, पटाशी, हॅक्सॉ, कॅलिपर. आजोबांना वेगळा निरोप पाठवते: रंधा आणू नका, पण तुम्ही या, कानस सरळ कशी ढकलायची हे मुलांना तुमच्याकडूनच शिकायचंय.

लगेच एका आईचा प्रश्न येतो: ‘ताई, आमच्या मजल्यावर तिघं मुलं आहेत. तिघांत मिळून एकच सेट घेतला तर चालेल का?’

उत्तर लिहिते: कोपिंग सॉ तिघांत एक घ्या, आणि तीही नको असेल तर बाह्य आकार मी जिगसॉने कापून देईन. तो सगळ्यांचा सारखाच आहे. क्लॅम्पही वाटून घ्या, फक्त वेळा ठरवा. रास्प आणि कानस मात्र प्रत्येकाची स्वतःची घ्या. उतार प्रत्येकाचा वेगळा पडणार आहे, आणि मैदानावर गेल्यावर ज्याचं बूमरँग अलीकडे पडेल त्याला ती त्याच क्षणी हातात लागेल.